मक्केचं कापड

"दादी, पांढरं कापड दे ना. मोठं. शाळेत पायजे."

जहुराबी ओटीवर बसून कोळणीशी भांडत होती. ती भांडत असताना तिला दुसरं काही विचारू नये, हे अख्ख्या मोहल्ल्याला माहीत होतं. पण यशरा तेरा वर्षांची, आठवीत गेलेली, आणि शाळेची गाडी सुटायला आलेली.

"ह्या बांगड्याचा चाळिसावा होऊन गेलाय गो," जहुराबी टोपलीत नाक खुपसून म्हणाली, "आणि तू मला ताजा म्हणून देतेस? त्याचे डोळे बघ. माझे बरे त्याच्यापेक्षा."

"दादी!"

"पेटीत हाय. वरच्याच अंगाला. घे आणि टळ."

वरच्या अंगाला जुनी पांढरी चादर होती, निदान जहुराबीच्या हिशेबानं होती. पण आदल्या आठवड्यात सून मिस्बाह हिनं पेटी उन्हात काढली होती आणि परत भरताना खालचं वर अन् वरचं खाली केलं होतं. वर होतं ते एक गाठोडं. कापूर घातलेलं, सुतळीनं बांधलेलं. यशरानं ते सोडलं, आत लांबच्या लांब कोरं कापड बघून खूश झाली आणि दप्तरात कोंबून पळाली.

ते जहुराबीचं कफन होतं.

नवरा अब्दुस्समद हजला गेला तेव्हा जहुराबी जाऊ शकली नव्हती. सासू अंथरुणाला खिळलेली, तिचं कोण बघणार? निघताना तो म्हणाला, "मागशील ते आणतो." तिनं सोनं मागितलं नाही, अत्तर मागितलं नाही. "मला कफन आण," म्हणाली, "तिकडचं. झमझमच्या पवित्र विहिरीच्या पाण्यात भिजवलेलं." त्यानं आणलं. पुढं सासू गेली, मग अब्दुस्समदही गेला, आणि ते गाठोडं मात्र राहिलं. तिनं ते कधी उघडलं नाही. कफन उगीच उघडलं की मौतीला घर सापडतं, असं तिची आई सांगायची. उघडलं नाही, पण सांगायचं तिनं कुणाला बाकी ठेवलं नाही. शेजारच्या खैरुनबीचा मुलगा उमऱ्याच्या छोट्या यात्रेहून आईला कफन घेऊन आला, तेव्हा जहुराबी भिंतीवरून म्हणाली होती, "चांगलं हाय गो. पण उमऱ्याचं ते उमऱ्याचं. माझं हजचं. मक्केचं कापड."

इकडं बोर्लीच्या हायस्कुलात तो आठवडा इतिहास आणि नागरिकशास्त्राचा होता. पूनम मॅडम नव्या होत्या आणि पुस्तकातलं पुस्तकात ठेवायचं त्यांना माहीत नव्हतं. निवडणूक शिकवायची तर निवडणूकच घ्यायची. मतदान गुप्त असतं, म्हणून पडदा पाहिजे. तो पडदा यशरानं दिला.

बुधवारी यशरा बोटाला शाई लावून घरी आली. वर्गाची प्रतिनिधी म्हणून निवडून आली होती.

"काय गो, शाई कसली?"

"मत दिलं दादी. आपल्या कापडाच्या मागं उभं राहून. कुणाला दिलं ते कुणाला कळत नाय."

"नवऱ्यामागं उभं राहून मी पन्नास वर्षं तेच केलं," जहुराबी म्हणाली. "चादर फाडली नाय ना?"

"नाय. पण सगळे जण मत देऊन डोळे पुसत बाहेर यायचे. कापराचा वास होता ना."

जुन्या चादरीला कापराचा वास कसा, हे जहुराबीला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण त्या दिवशी घरात वालाची उसळ होती, आणि वालाच्या उसळीपुढं जहुराबीची अक्कल नेहमी थोडी मागं सरायची.

गुरुवारी सकाळी ती उसळ छातीशी आली. जहुराबी आधी ढेकर द्यायला बसली, तो येईना. मग डाव्या बाजूला कळ निघाली. मग घाम फुटला. मिस्बाह ओवा घेऊन धावली.

"ओवा ठेव बाजूला," जहुराबी म्हणाली. तिचा आवाज एवढा शांत होता की मिस्बाहनं वाटी तिथंच खाली ठेवली. "वेळ आली. माझ्या पोराला, राहीलला दुबईत फोन लाव. रडायचं नाय सांग, फक्त ये म्हणावं. आणि माझं गाठोडं काढ."

मिस्बाहनं पेटी उघडली. एक एक कपडा बाहेर काढला. तळाशी जुनी पांढरी चादर निघाली. गाठोडं नव्हतं.

"अम्मी, चादर हाय. ती तर यशरानं नेली म्हणालात..."

पोरीनं गाठोडंच नेलं, हे दोघींना एकदमच उमगलं. मग जहुराबीला खच्चून ढेकर आला, कळ गेली, आणि ती उठून बसली.

"आता मरता नाय येत," ती म्हणाली. "उठव मला. काय नेसून जाऊ वर?"

शाळेत फोन लावला तो शिपाई बाळाजीनं उचलला. बाळाजी तिला ओळखत होता. पण जहुराबीची अडचण झाली ती वेगळीच. भिंतीपलीकडं खैरुनबी धुणं वाळत घालत होती, आणि तिच्या हातातला एकच टॉवेल बऱ्याच वेळापासून वाळत होता. पोरांनी माझ्या कफनाच्या आडोशाला मतं दिली, हे ओरडून कसं सांगायचं?

"बाळाजी, ते पडद्याचं कापड. पांढरं. ते बाजूला काढून ठेव रे बाबा."

"हाय चाची, कपाटात हाय. साधंच तर हाय."

साधं म्हणाला. तिथं जहुराबीचं डोकं फिरलं.

"साधं? आरं, अरबस्तानचं कापड हाय ते! हिंदुस्तानात नाय मिळत असलं! तुझ्या सात पिढ्यांनी बघितलं नसंल! मक्केचं हाय, मक्केचं!"

"आस्सं?" बाळाजी म्हणाला. "मग बाजूलाच काढतो. नीट जागेवर ठेवतो."

आणि त्यानं ते खरंच नीट जागेवर ठेवलं. कारण शुक्रवारी स्वदेशीचा धडा होता, विदेशी कपड्यांची होळी करून दाखवायची होती, आणि पूनम मॅडम चार दिवस सगळ्यांना विनवत होत्या की कुणाकडं परदेशी कापड असेल तर आणा. मोहल्ल्यातल्या घराघरात दुबईची ब्लँकेटं होती, पण एकही आई द्यायला तयार नव्हती. "इंग्रज गेला तो गेला," एकीनं कळवलं होतं, "माझं ब्लँकेट कशाला जाळता?" ढिगात आतापर्यंत दोन हातरुमाल आणि एक फाटका मोजा होता. बाळाजीनं जहुराबीचं कापड सगळ्यांत वर ठेवलं.

संध्याकाळी यशराला कळलं की तिनं काय नेलं. पोर पांढरी पडली.

"रडू नको," जहुराबी म्हणाली. "मेलेली नाय मी अजून. उद्या गुपचूप घेऊन ये. आणि कफन हा शब्द शाळेत काढलास तर याद राख. खुदाची कसम घे."

यशरानं कसम घेतली. बाळाजीकाकांनी कापड बाजूला ठेवलंय, एवढंच तिला माहीत होतं. बाजूला म्हणजे कुठं, ते शुक्रवारी कळायचं होतं.

शुक्रवारी दुपारच्या आत मिस्बाहच्या फोनवर शाळेच्या ग्रुपचा फोटो आला. अंगणात कपड्यांचा ढीग. वर पांढरं कापड. खाली लिहिलेलं: 'आज विदेशी कपड्यांची होळी. खास आकर्षण, थेट अरबस्तानातून आलेलं कापड.'

मिस्बाहनं वाचून दाखवलं आणि पुढं काय होणार म्हणून दोन पावलं मागं सरली. पण जहुराबी ओरडली नाही. बुरखा चढवला, चपला घातल्या आणि रस्त्यावर जाऊन रिक्षासमोर उभी राहिली. मिस्बाह शाळेत फोन लावत मागं धावली. फोन कुणी उचलेना. रिक्षात बसल्या तर शेजारी खैरुनबी आधीच बसलेली.

"मलाबी बोर्लीलाच जायचंय," खैरुनबी म्हणाली. "बाजारात."

"बाजार सोमवारी असतो गो."

"मग बघून येते, बंद हाय का."

वाटेत जहुराबी एकदाच म्हणाली, "मौला, माती लिहिलीस ना माझ्या नशिबी? मग ही पोरं कोण मला जाळणारी?" खैरुनबीनं मान वळवून कान पुढं केला.

शाळेच्या फाटकातच धूर दिसला. अंगणात मुलं गोल करून उभी, मधे लोखंडी घमेलं, आणि घमेल्यातून पांढऱ्या कापडाचं एक टोक काळं होत होत आत वळत होतं. पोरं घोषणा देत होती. जहुराबी गर्दी फोडून पुढं गेली आणि घमेल्यासमोर मातीत बसली.

"जाळलंत?" ती म्हणाली. "माझं कफन जाळलंत?"

घोषणा थांबल्या.

"म्हातारीला मेल्यावर काय लागतं रे? सहा हात माती आणि अंगावर कापड. माती सरकार देतं, कापड नवरा देऊन गेला होता. हजला मला नाय नेलं त्यानं. त्याच्या आईचं हगणं-मुतणं काढत मी इथं बसले आणि तो तिकडं गेला. मला काय मिळालं हजचं? एक कापड! बावीस वर्षं जपलं. पोटच्या पोराला हात लावू दिला नाय. आणि तुमी त्याची होळी केलीत! इंग्रजाचं काय ते इंग्रजाशी बघा ना! माझ्या मौतीनं तुमचं काय वाकडं केलं होतं?"

पूनम मॅडमच्या हातातली काड्यापेटी खाली पडली. "आजी," त्या म्हणाल्या, "आजी, मला खरंच... बाळाजी म्हणाले परदेशी कापड आहे, म्हणून..." बाळाजी खांबामागं गेला. खैरुनबीनं पदर तोंडाला लावला. रडण्यासाठी की कशासाठी, ते अल्लाला ठाऊक.

"दादी! दादी, ती मच्छरदाणी हाय!"

यशरा व्हरांड्यातून धावत आली. छातीशी घड्या घातलेलं पांढरं कापड, आख्खं. "जळतेय ती आमच्या वर्गातल्या निकेतची मच्छरदाणी. चायनाची. तुझं हे बघ, माझ्याकडं हाय. मी जाळूच दिलं नाय. मी प्रतिनिधी हाय ना, मी म्हटलं तपासल्याशिवाय काय जाळायचं नाय. कसम होती म्हणून दुसरं काय बोलले नाय."

जहुराबीनं कापड ओढून घेतलं, नाकाशी धरलं. कापूर. तोच वास. तिचा जीव भांड्यात पडला. अंगणभर सगळ्यांचेच जीव भांड्यात पडले. मॅडम डोळे पुसत हसल्या. गोष्ट इथंच संपली असती तर फार बरं झालं असतं.

पण तपासणी समितीचा प्रमुख सुजित होता. हुशार पोरगा, पहिल्या बाकावरचा. त्याला वाटलं, आजीबाईंना नीट समजावून सांगावं.

"आजी, ते जाळता आलंच नसतं. ते विदेशी नाहीच. आम्ही पूर्ण उघडून बघितलं. आतल्या काठाला दुकानाचा शिक्का आहे."

"सुजित, गप ना," यशरा कुजबुजली.

सुजितला मोठ्यानं वाचायची सवय होती. त्यानं घडी उलगडून जांभळ्या शिक्क्यावर बोट ठेवलं आणि धडा वाचावा तसा खणखणीत वाचला. "कापडाचे व्यापारी. एस.टी. स्टँडसमोर, माणगाव. कापून दिलेला माल परत घेतला जाणार नाही."

घमेल्यातली मच्छरदाणी चटचट वाजत होती.

माणगाव. मुंबईहून येताना गाडी तिथं थांबते. लोक चहा पितात, पाय मोकळे करतात, आणि घरी काय न्यायचं राहिलं ते तिथं आठवतं.

जहुराबी हळूहळू उठली. बुरख्यावरची माती झटकली. खैरुनबीच्या तोंडावरचा पदर आता खाली आला होता आणि पदराआडचं तोंड फार दिवसांनी इतकं सुखी दिसत होतं.

"मक्का माणगावलाच निघाली म्हणायची," खैरुनबी म्हणाली.

"व्हय," जहुराबी म्हणाली. "शिक्का बघितला म्हणून कळलं. तू तुझं उघडून बघितलंस कधी?"

खैरुनबीचं सुख जागच्या जागी आंबलं. परतीची रिक्षा थांबताच ती चपला न काढता आत गेली. थोड्याच वेळात भिंतीपलीकडून पेटीचं झाकण आपटल्याचा आवाज आला.

जहुराबीनं कापड ओटीवर पसरलं. खडूची पूड, पोरांच्या हातांचे डाग, एका कोपऱ्याला निवडणुकीची शाई. आणि काठाला तो शिक्का. अक्षर तिला फारसं वाचता येत नव्हतं. पण बघत मात्र बराच वेळ बसली.

"दादी," यशरा तिला चिकटून म्हणाली, "दादांनी जाताना कापड माणगावातून नेलं असंल. तिकडं झमझममध्ये भिजवलं असंल आणि परत आणलं असंल. लोक करतात तसं."

"असंल."

"मॅडम म्हणतात, एका बाजूचं ऐकून इतिहास लिहायचा नसतो. दोन्ही बाजू ऐकायच्या."

"दुसरी बाजू कबरस्तानात झोपलीय, नारळाच्या झाडाखाली," जहुराबी म्हणाली. "जिता होता तेव्हा मीठ आणायला पाठवला तर मीठ विसरून यायचा. घरी बायको वाट बघतेय, एवढं मात्र नेमकं आठवायचं."

मिस्बाह आतून बादली घेऊन आली. "द्या अम्मी. किती मळलंय. साबणाच्या पाण्यात बुडवते, निघंल सगळं. शिक्काबी निघंल. कच्ची शाई हाय, पाणी लागलं की पळतेच."

बोलून गेल्यावर मिस्बाहनं जीभ चावली. यशरानं एकदा बादलीकडं पाहिलं आणि एकदा शिक्क्याकडं. शिक्का कोरा करकरीत होता. पाण्यानं एक अक्षर फुटलेलं नव्हतं.

जहुराबीला ते शाळेच्या अंगणातच दिसलं होतं. पन्नास वर्षं घरादाराचे कपडे धुतलेली बाई ती.

"बादली ने आत," ती म्हणाली. तिनं कापडाची घडी घातली, आतलं बाहेर करून, शिक्का वर येईल अशी. कापूर ठेवला. सुतळी बांधली. "धुवायचं नाय. आणि मला गुंडाळाल तेव्हा हे टोक छातीवर ठेवा. शिक्का वरच्या अंगाला. ध्यानात राहील ना दोघींच्या?"

"कशाला दादी?"

"दुसरी बाजू ऐकायची ना?" जहुराबी गाठोडं काखेत मारून उठली. "पुराव्याशिवाय तो कबूल नाय व्हायचा."