खासनीसकाकांचा एक टक्का

खासनीसकाका कुणाच्या घरी गेले की आधी यजमानांकडे बघत नाहीत, त्यांच्या कॉम्प्युटरला कान लावतात. खरोखरच लावतात. खिशातून लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर काढायचा, त्याचं टोक कॉम्प्युटरच्या डब्यावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. तोवर यजमान पाण्याचा पेला हातात घेऊन ताटकळत असतात. मिनिटभराने काका डोळे उघडतात आणि निदान सांगतात, "पळतोय. विनाकारण पळतोय."

पळत असतो तो आतला पंखा. प्रोसेसर तापला की त्याला वारा घालायला हा पंखा जोरात फिरतो आणि घुमतो. तुम्ही-आम्ही तिकडे दुर्लक्ष करतो. काकांना ते जमत नाही.

काका रेल्वेच्या यांत्रिक खात्यात होते, कलकत्त्यातल्या गार्डन रीचच्या मुख्य ऑफिसातून निवृत्त झाले. बेअरिंग बिघडलंय का हे असं स्क्रू ड्रायव्हर टेकवून ऐकायची सवय तरुणपणी कारखान्यात लागली, ती सुटली नाही. निवृत्तीनंतर त्यांनी कलकत्त्याजवळ बराकपूरला तळमजल्यावर घर घेतलं, कारण काकूंना नदी जवळ हवी होती. त्याच इमारतीत, त्यांच्या डोक्यावर, मी भाड्याने राहते.

मी मूळची गंगाखेडची. वडील शिंपी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे बँकेत अधिकारी म्हणून निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा वडिलांनी ते दुकानात काचेखाली ठेवलं. नेमणूक कलकत्त्याला. पहिल्याच आठवड्यात सियालदह स्टेशनच्या गर्दीत माझी एक चप्पल गेली आणि मी उरलेली हातात धरून अनवाणी घरी आले. जिन्याशी काका उभे होते. त्यांनी आत जाऊन काकूंच्या चपला आणून माझ्यापुढे ठेवल्या. मी नको म्हणाले, तर आतून काकूंचा बारीक आवाज आला, "घाल गं. मला आता कुठं जायचंय?"

त्या दिवसापासून मी त्या घरची झाले, आणि काकांच्या 'एक टक्का' सिद्धान्ताची एकमेव विद्यार्थिनीही.

सिद्धान्त असा. कॉम्प्युटरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जायचं. तिथे वीज वाचवायच्या सेटिंग्ज असतात. त्यांच्या पोटात शिरत शिरत गेलं की प्रोसेसरने जास्तीत जास्त किती टक्के ताकद लावायची, अशी एक ओळ सापडते. तिथे शंभर लिहिलेलं असतं. ते खोडून नव्याण्णव लिहायचं. बस्स. पंखा शांत होतो.

"एका टक्क्याने एवढा फरक?" मी विचारलं होतं. मला हे खरंच कळत नव्हतं. तालुक्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी पहिली आले होते, पण ही ओळ कुणी दाखवली नव्हती.

"सविताबाई," काका म्हणाले. मी बँकेत अधिकारी असल्यामुळे ते मला बाई म्हणतात. "शंभर लिहिलं की त्या लेकाला वाटतं, साहेबांनी मोकळीक दिली. मग तो आपल्या ठरलेल्या वेगाच्याही वर धावतो, तापतो, आणि पंख्याला कामाला लावतो. नव्याण्णव लिहिलं की त्याला कळतं, साहेबांचं लक्ष आहे. मग तो मूळ वेगात चालतो. प्रश्न टक्क्याचा नाही. प्रश्न जरबेचा आहे."

पुढे हा एक टक्का कॉम्प्युटरपुरता राहिला नाही. काका चहाचा कप काठापर्यंत भरू देत नाहीत. शेवटची शिट्टी व्हायच्या आत कुकर उतरवतात, त्यामुळे त्यांच्याकडची डाळ दाताखाली येते. संदेश मिठाईच्या खोक्यातला शेवटचा तुकडा ठेवून देतात आणि तो सकाळी मुंग्या खातात. माझी गोष्ट उलटी. वडिलांनी लहानपणापासून एकच सांगितलं होतं, काम हातात घेतलं की शंभर टक्के द्यायचं. मी हे काकांना एकदा अभिमानाने सांगितलं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि माझ्या कपाळाला टेकवल्यासारखं केलं. "पळतेय," ते म्हणाले. "विनाकारण पळतेय."

स्टेशनबाहेर बापीदाचं झेरॉक्सचं दुकान आहे. काका तिथे नकाशे छापून घ्यायला जातात. एकदा बापीदा कागद आणायला आत गेला, तेवढ्यात काकांनी त्याच्या कॉम्प्युटरला कान लावला आणि, त्यांच्याच शब्दांत, 'चांगला पन्नासवर आणून बसवला.' दुसऱ्या दिवशी मी गाडीतून उतरले तर बापीदा माझी वाटच बघत होता. दुकानापुढे प्रवेशपत्रं छापायला आलेल्या मुलींची रांग होती.

"दीदी! आपका काकू हमारा मशीन को सुला दिया!"

बंगालीत काकांना काकू म्हणतात हे तोवर मला माहीत झालं होतं. मी आत जाऊन पन्नासचे शंभर केले, मशीन जागं झालं. काकांना सांगितलं तर म्हणाले, "शांत होतं ना पण?"

आता माझं कुतूहल इथून सुरू होतं. ज्या माणसाला आवाजाचा एवढा तिटकारा, त्याने कानात कापूस घालून बसायला हवं. बराकपूरला शांतता कुठली? दुर्गापूजेत आमच्या खिडकीखाली चार ढाक, म्हणजे इकडचे मोठे ढोल, एकदम वाजतात, तेव्हा काका मांडीवर ताल धरतात. कोपऱ्यावरच्या क्लबाचं रक्तदान शिबिर असतं, त्याचा कर्णा थेट त्यांच्या दाराकडे तोंड करून बांधलेला असतो, तर काका जाऊन रक्त देऊन येतात. बाहेरच्या आवाजाबद्दल चकार शब्द नाही. घरात मात्र? फ्रिज घुमतो म्हणून मागच्या व्हरांड्यात. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं म्हणून बंद. वैशाखातल्या उकाड्यातही छताचा पंखा दोनच्या वर नाही. मी एकदा सरळ विचारलं, "काका, ढाक चालतो आणि घड्याळ चालत नाही?"

"ढाक थांबतो," काका म्हणाले आणि विषय बदलला.

काकांना घरबसल्या पुलांचे नकाशे तपासायचं काम मिळतं. बाहेरच्या खोलीत टेबल, त्यावर कॉम्प्युटर. पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली: ९९, त्यावर काट. ९०, त्यावर काट. ८०, काट. खाली ७०. मी समजले, काकांचे प्रयोग चाललेत. रेल्वेचा माणूस, सगळ्याची नोंद ठेवणार.

आतल्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीशी, शालिनीकाकूंची खुर्ची. काही वर्षांपूर्वी त्यांना एक आजार जडला. त्यात हातपाय आखडत जातात आणि आवाजही बारीक होत जातो. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पूर्वी काकू निवेदन करायच्या, तेही माइक न घेता, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं. हे मला इतरांनी सांगितलं. मी पाहिल्यापासून त्या मोजकं आणि हळू बोलतात, पण जे बोलतात ते नेमकं. मी त्यांच्या खुर्चीला खेटून जमिनीवर बसते, म्हणून मला सगळं ऐकू येतं. बाहेर काका कॉम्प्युटरवर वैतागले की काकू डोळे मिचकावून म्हणतात, "बघ, दोन यंत्रं. एकाचाच वेग कमी करता येतो."

तर तो रविवार. काकांना एका पुलाचे नकाशे सोमवारी सकाळपर्यंत पाठवायचे होते आणि कॉम्प्युटर सत्तरवर रांगत होता. "एक नकाशा उघडायला एक चहा होतो," काका कुरकुरत होते. सकाळपासून पाच चहा झाले होते. ते औषधं आणायला बाहेर पडले आणि जाताना म्हणाले, "सविताबाई, तेवढे दोन नकाशे बापीदाला मेल करा."

मी खुर्चीत बसले. मला वाटलं, या माणसांनी माझ्यासाठी इतकं केलं आणि मी साधी एक ओळ बदलू शकत नाही? मी कंट्रोल पॅनेल उघडलं आणि सत्तर खोडून शंभर लिहिलं. काम झालं की परत करू, सांगूनही टाकू, असं ठरवलं. मग वर माझ्या खोलीत गेले. मला बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षेचा अभ्यास होता. संध्याकाळी जाईन म्हणता म्हणता अभ्यासात राहूनच गेलं.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर मी सियालदहला रसगुल्ल्याचं मडकं घेतलं. काकांचं काम वेळेवर गेलं असणार, तेव्हा खरं सांगायचं आणि शाबासकी घ्यायची, असा बेत होता.

काकांनी दार उघडलं. "काम गेलं?" मी विचारलं.

"काल संध्याकाळीच. घोड्यासारखा पळाला." ते हसले नाहीत. "तू केलंस ना शंभर?"

पहिल्यांदाच त्यांनी मला बाई म्हटलं नव्हतं. मी मान हलवली.

आत काकू नेहमीच्या खुर्चीत होत्या. त्यांची डावी बाजू, गाल, कान आणि मान, लालभडक झाली होती. काकांनी त्यावर दुधाची साय लावली होती.

"काय झालं काकू?"

"ऊन," काकू म्हणाल्या.

चारनंतर त्या खिडकीतून ऊन थेट आत येतं. रोज काका उठून पडदा ओढतात. विसरले तर काकू हाक मारतात. काल काकूंनी हाक मारली. पुन्हा मारली. मग तासभर डोळे मिटून बसून राहिल्या. त्यांना स्वतःला उठता येत नाही.

"पंखा घुमतोय हे मला कळत होतं," काका दारातून म्हणाले. "कान आहेत मला. पण काम इतकं भराभर होत होतं, म्हटलं आज होऊन जाऊ दे. चूक तुझी नाही. तू आकडा बदललास. बसून मी राहिलो."

"घंटी का नाही ठेवत, काका?" मी विचारलं.

"आणली होती. हिने फेकून द्यायला लावली."

"घंटी वाजवून बोलवायला," काकू म्हणाल्या, "हे काय शिपाई आहेत?" मग माझ्या तोंडाकडे बघून त्या म्हणाल्या, "रडू नकोस गं. शंभर टक्के नाही, नव्याण्णवच भाजले."

मग काकांनी मला त्यांची रोजची चाचणी समजावून सांगितली. सकाळी सगळ्यात मोठा नकाशा उघडायचा, म्हणजे प्रोसेसरवर पूर्ण भार येतो. काका टेबलाशी बसतात, काकू आपल्या खुर्चीतून काहीतरी बोलतात, आणि काका ते मोठ्याने परत म्हणून दाखवतात. जुळलं की आकडा कायम. नाही जुळलं की खाली.

मी पडद्याकडे बघितलं. नव्याण्णव, नव्वद, ऐंशी, सत्तर. मी कितीदा ही चिठ्ठी वाचली होती. मला वाटत होतं, त्यात कॉम्प्युटरची नोंद आहे.

"आज सकाळी राहिली चाचणी," काका म्हणाले. "आता घेऊ." त्यांनी आकडा सत्तरवर आणला होताच. नकाशा उघडला. पंखा हलकेच घुमायला लागला. मी काका बसतात तिथे, त्यांच्या शेजारी उभी राहिले. उघड्या दारातून काकूंचे ओठ हलताना दिसले.

काका थोडे पुढे वाकले. मग माझ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "तुला आलं ऐकू?"

"हो. 'सविता, जेवून जा' म्हणाल्या."

"बरं," काका म्हणाले. त्यांनी पेन घेतलं, सत्तरवर काट मारली आणि खाली पासष्ट लिहिलं. मग कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन तो आकडा भरला.

"आता नकाशा उघडायला दोन चहा लागतील," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"लागू देत."

पंखा मंदावत गेला आणि मग त्याचा आवाज कुठे संपला ते कळलं नाही. बाहेर ऑफिसातून घरी परतणाऱ्यांचे हॉर्न चालू होते. आतून काकू पुन्हा काहीतरी म्हणाल्या. या वेळी मी मुद्दामच काकांकडे बघितलं नाही.

"पिठलंच करतोय," काका खुर्चीतूनच म्हणाले. "आणि मिरची कमी घालतो. भाकरी मात्र सविताबाई करतील."