भोंगा वाजेल, घाबरू नये

बंबसाहेबांनी ती बातमी चूळ भरता भरता सांगितली, तिथेच त्यांचं चुकलं. दाढ अजून अर्धीच कोरून झाली होती.

"सोमवारी क्रेन येतेय," ते म्हणाले. "आमच्या मनोऱ्यावरचा भोंगा उतरवायचाय. पालिकेचा आदेश आहे. जे यंत्र इतक्या वर्षांत एकाही आगीला वाजलं नाही, ते भंगारात. आता मोबाइलवर सूचना जाते ना सगळ्यांना."

डॉक्टरांनी हातातलं हत्यार खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि हत्यार परत उचललं. "आ करा," ते म्हणाले.

दातांच्या डॉक्टरांना एक मोठी सोय असते. समोरचा माणूस उठून जाऊ शकत नाही आणि उलट बोलू शकत नाही. आपले डॉक्टर या सोयीचा पुरेपूर फायदा घेत, कारण त्यांना जुन्या भोंग्यांचं वेड होतं. पेशंटच्या गालात कापसाचे बोळे बसले, की भोंग्यांचा इतिहास सुरू व्हायचा. बाहेर टेबलाशी बसून नंबर लावणाऱ्या डॉक्टरीणबाईंना तो आता तोंडपाठ झाला होता. "आमच्याकडे माणूस दात घेऊन येतो आणि कान घेऊन जातो," असं त्या शेजारणींना सांगत. अग्निशमन केंद्राच्या प्रमुखांना सगळं गाव बंबसाहेब म्हणे. त्यांनाही हा इतिहास तुकड्यातुकड्यांनी ठाऊक होता. त्या दिवशी तो अखंड ऐकायला मिळाला.

"साहेब, तुम्ही काय उतरवताय याची कल्पना आहे का तुम्हाला?" डॉक्टर कोरता कोरता म्हणाले. "दोनशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच माणसानं एका तबकडीला भोकं पाडली. तबकडी फिरवली, खालून वारा सोडला. वारा तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडला आणि गायला लागला. अहो, पाण्याखाली धरली तरी गात होती. मग समुद्रातल्या गाणाऱ्या पऱ्यांचं नाव दिलं त्यानं तिला, सायरन. मान हलवू नका."

बंबसाहेबांनी मान हलवली नाही.

"पुढे कुणी हातानं फिरवायचा भोंगा केला, कुणी वाफेवरचा, कुणी मोटारीवरचा. लढाईच्या दिवसांत छपराछपरावर बसले होते ते. आत काय आहे? ना कर्णा, ना पडदा, ना तार. लोखंडी पिंप, त्याला खाचा, आणि एक मोटर. ते पिंप नुसता वारा चिरतं आणि अख्खं गाव जागं होतं. असं साधं यंत्र ज्यानं शोधलं त्याच्या पाया पडावं माणसानं. आणि तुम्ही क्रेन आणताय."

"अहो," बाहेरून आवाज आला, "तो माणूस श्वास घेतोय का बघा."

तोंड मोकळं झाल्यावर बंबसाहेबांनी गाल चोळला. माणूस मुळात मऊ होता, आणि पुढच्या आठवड्यात त्याच दाढेवर टोपी बसवायची होती. "एक करू," ते म्हणाले. "रविवारी दुपारी एकदा वाजवून बघू. पालिकेच्या मोठ्या बाईंना बोलावतो. त्यांच्या मनात भरला तर राहील. नाही भरला तर माझा नाइलाज आहे. पण गावाला आधी सांगायला हवं, नाहीतर लोक पोरंबाळं घेऊन पळत सुटतील."

गावाला सांगण्याचं काम डॉक्टरांनी अंगावर घेतलं. ते जे काम घेत ते तडीला नेत. गाडीवर कर्णा लावून ते गल्लोगल्ली फिरले. "रविवारी दुपारी भोंगा वाजेल. ही फक्त चाचणी आहे. कुणीही घाबरू नये. काहीही दिसलं, कुणी काहीही सांगितलं, तरी घाबरू नये." शेवटचं वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. बंबसाहेबांनी ते लिहून दिलं नव्हतं.

बाकीचा वेळ ते मनोऱ्यावर होते. भोंगा मोठा देखणा होता. वर पावसापासून जपणारी छत्री, खाली दोन्ही बाजूंना खाचांच्या झालरी, आणि एका बाजूच्या खाचा दुसऱ्या बाजूपेक्षा कमी, म्हणजे एकाच फेरीत दोन सूर निघावेत. कुणा अनामिक कारागिरानं हे सगळं ओतीव लोखंडात केलं होतं आणि वर रंगाचे तीन हात दिले होते. दात साफ करावेत तशी डॉक्टरांनी त्याची खाच न् खाच साफ केली. आत कबुतरांनी काड्यांचं घरटं केलं होतं. घरटं रिकामं होतं, पण इतक्या मेहनतीनं विणलेलं फेकवेना, म्हणून त्यांनी ते अलगद घरी आणून दवाखान्यातल्या ओट्यावर ठेवलं.

"हे काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"भोंग्यातलं घरटं. बघ ना, किती सुबक आहे."

"बत्तीपासून लांब ठेवा."

बत्ती म्हणजे कवळीचं मेण तापवायची स्पिरिटची बत्ती. रविवारी जेवणं झाल्यावर डॉक्टरांना आठवलं, की बेअरिंगला घालायचं ग्रीस वाळून घट्ट झालंय. त्यांनी बत्ती पेटवली, त्यावर ग्रीसची डबी धरली, ग्रीस सैल झालं आणि ते डबी घेऊन तीरासारखे सुटले. बत्ती तशीच राहिली. घरटं तिच्या शेजारी होतं. खिडकी उघडी होती.

बंबखान्याच्या पटांगणात गर्दी जमली होती. मोठ्या बाई छत्री घेऊन उभ्या होत्या. डॉक्टरांनी वर जाऊन ग्रीस भरलं, खाली आले, हात पुसले आणि बंबसाहेबांकडे बघून मान हलवली. बंबसाहेबांनी बटण दाबलं.

आधी नुसती घरघर झाली. मग मनोऱ्याच्या पोटातून एक जाड, खोल सूर उठला, चढत गेला, आणखी चढला, आणि दुसरा सूर त्याच्या खांद्याला खांदा लावून निघाला. खिडक्यांची तावदानं थरथरली. छातीत काहीतरी हललं. गप्पा मारणारी माणसं गप्प झाली आणि सगळ्यांनी माना वर केल्या. खरं सांगायचं तर तो आवाज भव्य होता. इतकी वर्षं गंज खात पडलेल्या लोखंडात तो शाबूत होता याचंच नवल वाटावं. डॉक्टरांचे डोळे भरून आले.

"पुरे," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या काय म्हणाल्या हे कुणाला ऐकू आलं नाही, पण त्यांनी हातानं खूण केली.

बंबसाहेबांनी बटण सोडलं. भोंगा वाजतच राहिला. त्यांनी लाल बटण दाबलं. भोंगा वाजतच राहिला. बटणामागचे विजेचे पॉइंट तापून एकमेकांना चिकटले होते. मेन स्विचच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली वायरमनच्या खिशात होती. वायरमन गर्दीत कुठंतरी होता, पण त्याला हाक कशी मारणार?

त्याच वेळी डॉक्टरीणबाईंना खालून जळका वास आला. त्या जिना उतरून दवाखान्यात आल्या तर घरट्यानं पेट घेतला होता, घरट्यावरून पडद्यानं घेतला होता, आणि भिंतीवरचा हसऱ्या दातांचा तक्ता एका कोपऱ्यातून काळा पडत चालला होता.

त्यांनी खिडकीतून ओरडून पाहिलं. समोरच्या गॅलरीत शेजारचे काका पेपर वाचत होते. बाईंनी आगीकडे बोट दाखवलं. काकांनी हसून हात हलवला. "चाचणी आहे, वहिनी," असे त्यांचे ओठ हलले. "घाबरू नका." रस्त्यानं दोघी जणी चालल्या होत्या. त्यांनी धूर पाहिला, एकमेकींकडे पाहिलं आणि किती खरंखुरं केलंय म्हणून माना डोलावल्या.

बाईंनी बंबखान्याला फोन लावला. तीन-चारदा नुसतीच घंटी वाजली. शेवटी बंबसाहेबांनी उचलला. त्यांना वाटलं, वायरमन असेल.

"आग लागलीय," बाई ओरडल्या. "दवाखान्याला."

"भोंग्याची चाचणी आहे," बंबसाहेब त्यांच्याहून मोठ्यानं ओरडले. "घाबरू नका." आणि फोन ठेवून दिला.

मग बाईंनी पदर खोचला. रुग्णांच्या खुर्चीवरची चादर नळाखाली भिजवून पडद्यावर फेकली, बादल्यांवर बादल्या ओतल्या, आणि चूळ भरायचं औषधी पाणी होतं तेही ओतलं. आग विझली. दवाखान्यात धूर आणि लवंगेचा वास भरून राहिला. फळीवरचे प्लास्टरचे जबडे काळे ठिक्कर पडले होते. बाई तशाच, केस विस्कटलेले, तोंडाला काजळी, अनवाणी, बंबखान्याकडे निघाल्या.

तोवर वायरमन सापडला होता. त्यानं मेन स्विच खाली ओढला, तरी भोंगा लगेच थांबला नाही. इतकं जड पिंप एकदा वेगात आलं की त्याला सावकाशच थांबावं लागतं. सूर हळूहळू उतरत गेला, घोगरा झाला, आणि शेवटी मनोऱ्यानं एक उसासा सोडला. त्या शांततेत मोठ्या बाईंनी कानांवरचे हात काढले.

"आवाज उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "पण आदेश स्पष्ट आहे. हा कुठल्याही आगीला वाजलेला नाही. उद्या उतरवून घ्या."

डॉक्टर खालच्या पायरीवर बसले. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना तोंडं उघडायला लावली, त्याचंच तोंड आता उघडेना. बंबसाहेबांना ते पाहवेना. ते दुसरीकडे पाहू लागले आणि त्यांना फाटकातून येणाऱ्या डॉक्टरीणबाई दिसल्या.

"वहिनी, हे काय?"

"तुमचे डॉक्टर बत्ती पेटती ठेवून आले. दवाखाना पेटला. मी विझवला." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. घरून निघताना त्यांनी पुष्कळ काही ठरवून ठेवलं होतं. पण पायरीवरचा माणूस पाहून त्या थबकल्या. "काय झालं यांना?"

"उद्या उतरवणार," डॉक्टर म्हणाले. मग त्यांना पत्नीचा अवतार दिसला आणि ते धडपडत उठले. "अगं, तुला भाजलं नाही ना कुठं?"

"नाही भाजलं."

बंबसाहेबांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. त्यांनी टोपी नीट केली, खिशातून पेन काढलं आणि मोठ्या बाईंना ऐकू जाईल अशा सरकारी आवाजात विचारलं, "वहिनी, नीट आठवून सांगा. ही आग खरी होती?"

"माझ्या तोंडाकडे बघा."

"आणि आग लागली तेव्हा हा भोंगा वाजत होता?"

मोठ्या बाईंनी छत्री मिटली. डॉक्टर बायकोकडे असे पाहत होते, जसे पेशंट त्यांच्या हातातल्या पकडीकडे पाहतात. बाईंनी मनोऱ्यावरच्या त्या लोखंडी छत्रीकडे एकदा मान वर करून पाहिलं. इतकी वर्षं त्याच्याबद्दल नुसतं ऐकलं होतं. वाजताना आज पहिल्यांदा ऐकला होता, आणि आग विझवतानाही अंगावर काटा आला होता, हे त्यांना नाकारता येईना.

"वाजत होता," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून शेवटपर्यंत. म्हणून तर मी फोनवर काय बोलत होते ते तुम्हाला ऐकू आलं नाही."

बंबसाहेबांनी पहिली दोन वाक्यं लिहून घेतली.