फणसेकाकांचा खुलासा

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले फणसेकाका दिल्लीहून कायमचे राहायला आले, त्या आठवड्यात मी त्यांना जिन्यात सहज विचारलं, "काय काका, चहा झाला का?"

काकांनी जिन्यात वर पाहिलं, खाली पाहिलं, मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "झाल्याचं समजतं. पण माझं नाव घालू नका."

मी कुठे नाव घालणार होतो? मी बडोद्यात, गोरव्याच्या एका कारखान्यात व्हॉल्व्ह तपासणारा माणूस. पण त्या दिवशी दुपारपर्यंत माझं कामात लक्ष लागलं नाही. मग त्यांचा चहा झाला होता, की नव्हता?

हरणीच्या आमच्या सोसायटीत सुमनकाकू आणि त्यांचा मुलगा नितीन पहिल्यापासून होते. काका म्हणजे दिवाळीला येऊन भाऊबीजेला परत जाणारे एक गृहस्थ, एवढंच आम्हाला ठाऊक. काका मूळचे बडोद्याच्याच एका लहानशा दैनिकात बातमीदार होते. आपल्या भागातले एक खासदार राज्यमंत्री झाले आणि काकांना दिल्लीला घेऊन गेले. हुद्दा होता माध्यम सल्लागार. हे काम काय असतं, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "मंत्री काय बोलले ते लोकांना समजावून सांगायचं. आणि ते तसं बोललेच नव्हते, हे दुसऱ्या दिवशी समजावून सांगायचं."

ते दिवस कसे होते ते तुम्हाला आठवत असेल. बाजारात रोज नवा टीव्ही आणि दिल्लीत रोज नवं सरकार. मंत्री गेले तरी काका राहिले. पुढच्या मंत्र्याला आधीच्याचे खुलासे खोडायचे असत, आणि ते कुठे कसे केले होते हे काकांइतकं कोणालाच माहीत नसे. खतं झाली, कोळसा झाला, विमानं झाली. "सकाळी उठलो की आधी आठवायला लागायचं, आज आपण खतात आहोत की कोळशात," ते सांगायचे. "एकदा कोळशाच्या पत्रकार परिषदेत मी खताच्या टंचाईचा इन्कार केला."

"मग?"

"मग काय! दुसऱ्या दिवसापासून खताची टंचाई सुरू झाली."

त्यांचा सगळ्यात आवडता किस्सा राजीनाम्याचा. एका मंत्र्यांचं आसन डळमळीत होतं. राहायचं की जायचं, ते त्यांनाही माहीत नव्हतं. काकांनी दोन निवेदनं तयार ठेवली, एक राजीनाम्याचं आणि एक राजीनाम्याच्या अफवेचा इन्कार करणारं. मंत्र्यांनी पत्रकारांपुढे दोन्ही एकापाठोपाठ वाचून दाखवली आणि पाणी प्यायले.

"अरे बाप रे! मग फजिती झाली असेल."

"फजिती कसली? राजीनामा दिला आणि तो स्वीकारला गेला नाही. दोन्ही निवेदनं खरी ठरली. माझ्या कारकिर्दीतला तो सर्वोच्च क्षण." एवढं बोलून काका थांबले आणि म्हणाले, "अर्थात हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही."

असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की काय होणार? काकूंनी विचारलं, भाजी कशी झालीय, तर काका म्हणत, "भाजीबाबत एकंदर वातावरण सकारात्मक आहे." काकूंना ऐकू कमी यायचं, म्हणून हे त्यांना ओरडून सांगावं लागे, आणि त्यामुळे फणस्यांच्या भाजीबद्दलचं वातावरण तिन्ही मजल्यांना कळे. दूधवाला उद्या किती दूध घालू ते विचारी, "काका, काले केटलुं आपुं?" तर काका म्हणत, "विचारणा चालू छे." तो बिचारा दुसऱ्या दिवशी दाराशी किटली घेऊन उभा राही, आणि विचारणा संपायची वाट बघे.

आमचे चेअरमन जयंतीभाई मात्र खूश होते. थेट दिल्लीचा माणूस सोसायटीत! पाण्याची टाकी धुवायची होती, सकाळी दोन-चार तास पाणी बंद राहणार होतं. एवढंच फळ्यावर लिहायचं. जयंतीभाईंनी ते काम मोठ्या मानाने काकांना दिलं.

"'पाणी येणार नाही' असं थेट लिहायचं नसतं," काका मला म्हणाले. "लोक घाबरतात."

म्हणून त्यांनी सुंदर गुजरातीत लिहिलं, की सोसायटीत पाणीटंचाई असल्याच्या वृत्तात काहीही तथ्य नाही, टाकीची रचना भक्कम आहे आणि रहिवाशांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.

तोवर कोणी काहीच ऐकलं नव्हतं. फळा वाचला आणि पळापळ सुरू झाली. पिंपं, बादल्या, कळश्या, पातेली, माझ्या बायकोने तर इडलीपात्रसुद्धा भरून ठेवलं. टाकी फुटली म्हणे. नाही, टाकीत काहीतरी पडलंय म्हणे. काकांनी लगेच दुसरा खुलासा लिहिला, की टाकीत काहीही पडलेलं नाही. मग तर उरलेल्यांनीही नळ सोडले. दुपारपर्यंत टाकी कोरडी ठाक पडली.

जयंतीभाई धावत आले. "फणसेभाई, आ तमे शुं लख्युं?"

"माझ्या लिहिण्याचा विपर्यास झाला," काका शांतपणे म्हणाले. "पण मला सांगा, टाकी धुवायची तर आधी रिकामी करावी लागते ना? झाली ना रिकामी?"

शेवटी जयंतीभाई काकांचे आभार मानून गेले. कशाबद्दल, ते त्यांना सांगता आलं नसतं.

एका गोष्टीत मात्र काका आम्हाला ठाम वाटायचे. रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जात. नितीन लग्नानंतर कॅनडाला गेला होता आणि घरच्या फोनवरून परदेशी फोन लागत नसे. काकूंना फोनवर नुसती घरघर ऐकू येई, म्हणून त्या जात नसत. काका जाऊन येत आणि मग सोफ्यावर बसून काकूंना नितीनचं सगळं बोलणं मोठ्याने सांगत. नितीनने गुडघ्याची चौकशी केली. नितीनला लोणच्याची आठवण येते. नितीन म्हणाला, दुपारी थोडं पडत जा. आम्ही आमच्या घरात बसून सगळं ऐकायचो. माझी बायको म्हणायची, "मुलगा असावा तर असा."

मला थोडं आश्चर्य वाटायचं. कारण नितीनच्या लग्नाला मी होतो. लग्न बडोद्यातच होतं आणि नेमक्या त्याच दिवशी दिल्लीत सरकार पडत होतं. काका येणार, येणार म्हणून मुहूर्तापर्यंत वाट पाहिली. काका आले नाहीत, संदेश आला. कोणीतरी तो माईकवर वाचला. माननीय मंत्रीमहोदय नवदांपत्याला हार्दिक शुभेच्छा देत असून त्यांच्या उज्ज्वल भविष्याची कामना करतात. टाळ्या झाल्या. मुंडावळ्या बांधलेला नितीन माझ्या शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, "आणि बाबांचं काय म्हणणं आहे?"

मी त्याच्या मुंडावळ्या सारख्या केल्या.

तर एका रविवारी मला नाशिकला बहिणीला फोन करायचा होता. मी बूथवर गेलो, तेव्हा काका आत होते. काचेचं दार पुरतं लागत नसे, त्यामुळे आतलं बोलणं बाहेर ऐकू येई.

"नितीन? हो, मीच... हो, आई बरी आहे. औषध घेते... नितीन, मी काय म्हणतो, ते लग्नाच्या वेळेस—"

मीटरवरचे लाल आकडे थांबले. फोन तिकडून ठेवला होता.

काकांनी मात्र ठेवला नाही. ते रिसीव्हर कानाला तसाच लावून उभे राहिले. मग म्हणाले, "अच्छा... बरं... हो, गुडघा तसाच आहे. सांगतो तिला... नाही नाही, तू काळजी करू नकोस." ते मान डोलावत होते, हसत होते, मधेच थांबून ऐकत होते.

मी बूथवाल्या भरतभाईंकडे पाहिलं. ते हिशेबाचं यंत्र पुसत होते. "दर रविवारे आवुंज छे," ते म्हणाले. "लाइन कपाय, पछी ज काका वात चालु करे." म्हणजे लाइन तुटली, की मगच काकांचं बोलणं सुरू व्हायचं.

माझा फोन राहून गेला. काका बाहेर आले, मला पाहून जरा दचकले आणि म्हणाले, "चला, चहा घ्यायला चला." नाही म्हणायला काही कारण सुचेना.

घरी काका सोफ्यावर बसले आणि नेहमीसारखे मोठ्याने सुरू झाले. नितीनकडे थंडी फार आहे. सूनबाई मजेत आहे. काकू समोर बसून त्यांच्या ओठांकडे पाहत होत्या. मी कुठे पाहावं ते मला कळत नव्हतं.

"आणि नितीन म्हणाला," काका म्हणाले, "सुमन उन्हाची गच्चीवर जाते ते बरं नाही. वाळवण नाही घातलं तरी चालेल."

काका आत शर्ट बदलायला गेले. काकू माझ्या हातात कप देताना हळू आवाजात म्हणाल्या, "ऐकलंत?"

"काय?"

"नितीन मला सुमन म्हणायला लागला."

त्या म्हणाल्या, "माझा नितीन इतकं बोलणारा मुलगा नाही हो. तोही यांच्यासारखाच आहे. 'आई बरी आहे ना' एवढं विचारत असेल, आणि त्यात त्याचं सगळं आलं."

"मग तुम्ही काकांना काही..." मी त्यांना ओठ दिसतील असं विचारलं.

"काय बोलू? यांची सगळी वर्षं दुसऱ्यांचं सांगण्यात गेली. दिल्लीहून फोन आला तरी मंत्री काय म्हणाले तेच सांगायचे. माझा गुडघा दुखतो हे यांच्या लक्षात आलंय, हेसुद्धा मला आत्ता आत्ता कळलं." त्यांनी साडीचा पदर सारखा केला. "नितीनचं आणि यांचं होईल कधीतरी नीट. हे दर रविवारी लग्नाचा विषय काढत असणार, मला माहीत आहे. आज ना उद्या तो ऐकेल."

त्या बोलत होत्या ते खरं होतं की त्यांनी स्वतःची घातलेली समजूत होती, मला सांगता येणार नाही. काकांना वाटत होतं, काकूंना काही माहीत नाही. की काकांनाही माहीत होतं आणि दोघंही एकमेकांसाठी बसून ऐकत-सांगत होती? माझा गोंधळ झाला तो अजून सुटलेला नाही.

काका बाहेर आले आणि खिडकीपाशी उभे राहिले. काकूंनी त्यांना हाक मारली, आणि स्वतःला ऐकू येत नाही म्हणून नेहमी बोलायच्या तशा मोठ्याने विचारलं, "अहो, आणखी काय म्हणाला नितीन?"

काकांनी खिडकीची कडी लावली. मग काकूंकडे न बघता, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "म्हणत होता, इतकी वर्षं तू एकटी राहिलीस."