आई जिना चढते

आई खुर्चीत बसून डावं पाऊल गोल गोल फिरवत होती आणि फिरवता फिरवता तिचा डोळा लागला होता. पाऊल मात्र अजून किंचित हलत होतं. ताईने ते दारातूनच पाहिलं, खांद्यावरची बॅग उतरवली आणि टीव्ही बंद केला.

"बघत होते ना मी!" आई दचकून म्हणाली.

"काय चाललं होतं त्यात?"

"माझा व्यायाम चालला होता," असं म्हणून आईने उजवं पाऊल फिरवायला घेतलं.

बाथरूममध्ये घसरल्यापासून आईचा हाच व्यायाम होता. हाड मोडलं नव्हतं, मोडला होता तो धीर. दवाखान्यातून तिला घरी आणायची वेळ आली तेव्हा धाकटा भाऊ फार समंजसपणे म्हणाला होता, "ताई, तुझ्याकडे लिफ्ट आहे. माझ्याकडे तिसरा मजला आणि नुसते जिने. आई जिने चढायला लागली की त्याच दिवशी घेऊन जातो बघ." सूर्य पश्चिमेला उगवला की अमुक करीन, असं सांगणारा माणूस जितका निर्धास्त असतो, तितकाच तो निर्धास्त होता.

ताई पिण्याचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिला घरात सगळेच ताई म्हणत, आईसुद्धा. तिने लग्न केलं नव्हतं, म्हणजे घरच्यांच्या मते तिला वेळच वेळ होता. आता समुद्रकिनाऱ्यावरच्या एका शहरात नवी प्रयोगशाळा उघडत होती आणि तिथलं प्रमुखपद साहेबांनी तिला देऊ केलं होतं. अशी संधी पूर्वीही आली होती. एकदा वडील आजारी पडले, एकदा भावाचं लग्न ठरलं. दोन्ही वेळा ताई राहिली आणि संधी गेली.

"मॅडम, आता शेवटचं विचारतोय," साहेब म्हणाले. "तिथलं काम सुरू व्हायच्या आत सांगा. दुसरं नाव आहे माझ्याकडे. मुलगा हुशार आहे, आणि मुख्य म्हणजे त्याची आई त्याच्या भावाकडे असते."

ताईने घरी येऊन हे आईच्या कानावर घातलं आणि मग विचार केला. भावाने अट घातली होती, आणि ती तपासून पाहता येण्यासारखी होती. तपासून पाहता येणाऱ्या गोष्टींवर ताईचा विश्वास होता. आई जिना चढली पाहिजे, एवढंच. पाऊल फिरवून माणूस जिना चढत नाही हे कळायला प्रयोगशाळेची गरज नव्हती.

त्यांच्याच रस्त्यावर एक तरुण मुलगी वजनं उचलायचा वर्ग चालवत असे. तिला सगळे कोच म्हणत. ताईने तिला घरी बोलावलं. कोच आईसमोर बसली आणि थोडा वेळ त्या फिरणाऱ्या पावलाकडे पाहत राहिली.

"आजी, पायाला वारा घालताय का?"

"याने रक्त खेळतं," आई तुटकपणे म्हणाली.

"रक्त खेळतं, पण तुम्ही नुसत्या बघत बसताय ना! रोज तेच आणि तेवढंच करायचं, तर मांडीने बळ कशासाठी धरायचं? तिला काही कारण नको? उठा बघू खुर्चीतून. हात न लावता."

आईने ताईकडे पाहिलं. शाळेच्या पहिल्या दिवशी मूल आईकडे पाहतं तसं. मग जोर लावला, अर्धवट उठली आणि धपकन खाली बसली.

"झाला तुमच्या मनासारखा तमाशा? या वयात पैलवान करणार वाटतं मला!"

"पैलवान नाही हो. आधी खुर्चीतून उठवणार," कोच म्हणाली.

पावलं फिरवणं त्या दिवसापासून बंद झालं. खुर्चीवर दोन उशा ठेवून उठाबशा सुरू झाल्या. उठताना श्वास सोडायचा, बसताना टाचांवर भार द्यायचा आणि धपकन न पडता सावकाश खाली जायचं. "बसणंच खरं अवघड असतं," कोच सांगत असे. "उठायला जोर पुरतो, बसायला ताबा लागतो." आई कुरकुरायची, मधेच पाणी मागायची, ताई पाठमोरी झाली की एखादी फेरी गाळायची. पण कोचने एकदा "आजी, माझ्या वर्गातल्या पोरींना दाखवायला न्यायला पाहिजे तुम्हाला" असं म्हटलं, त्यानंतर आईने एकही फेरी गाळली नाही. उलट ताईला उशीर झाला तर तीच विचारू लागली, "आज नाही का करायचं?"

मग एक उशी गेली, पुढे दुसरीही गेली. आईच्या दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बाटल्या आल्या आणि बाटल्यांच्या जागी लोखंडी वजनं आली. ताई कामावरून लवकर परतली त्या दिवशी तर आई स्टुलावर उभी राहून पंखा पुसत होती.

"आई! उतर आधी!"

"ओरडू नकोस, तोल जाईल," आई वरूनच म्हणाली. "किती धूळ होती गं यावर. तुला दिसत नाही का?"

ताईला राग यायला हवा होता. पण तिला पंख्याच्या पलीकडे सरळ त्या नव्या शहराचा समुद्र दिसला. त्याच संध्याकाळी ती आईला लिफ्टने तळमजल्यावर घेऊन गेली आणि तिथून जिन्याने वर घेऊन आली. आई मधे थांबली, ती दमली म्हणून नव्हे. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईने चपला कशा अस्ताव्यस्त टाकल्यात, हे तिला सांगायचं होतं.

ताईने भावाला फोन लावला. "आई जिना चढते."



"कुठला जिना?" भाऊ म्हणाला.

"जिना रे. पायऱ्या असतात तो."

"तसं नाही गं. पण घाई कशाला करतेस? अति केलं की सांधे झिजतात म्हणे. आणि आई तर मला काही वेगळंच सांगते."

आई काय सांगते ते ताईला दुसऱ्या दिवशी कळलं. ती स्वयंपाकघरात होती आणि आई बाहेरच्या खोलीत भावाशी फोनवर बोलत होती. सकाळी वजन खाली ठेवताना "हे हलकं झालंय आता" असं ठणकावून सांगणारा आवाज फोनवर विहिरीच्या तळातून आल्यासारखा झाला होता. "कसली बरी, राजा... दिवस ढकलायचे... ताई करते आपली कायबाय..."

ताईने गॅस बंद केला, पण बाहेर जाऊन विचारलं नाही. विचारलं असतं तर आई रडली असती, आणि आई रडली की साहेबांना नाही म्हणून कळवावं लागतं, हा तिचा आजवरचा अनुभव होता. तिने भावाला निरोप धाडला, "रविवारी दोघंही या. स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

रविवारी भाऊ आणि भावजय आली. भावाचं पोट त्याच्या आधी घरात शिरलं. भावजय बसली ती खुर्चीच्या कडेवर, निघायच्या तयारीत. आई नव्या साडीत, गुडघ्यांवर हात ठेवून, कुणीतरी मांडून ठेवल्यासारखी बसली होती.

"काय म्हणतेस आई? जिने चढतेस म्हणे!" भाऊ मोठ्याने म्हणाला.

"ताई म्हणते खरी," आई क्षीण आवाजात म्हणाली.

"मुलांना तर आजी आली की आनंदच होईल," भावजय म्हणाली. "शाळेतून येतात तेव्हा घरात कुणी नसतं. आणि आता आईंना स्वयंपाकही जमेल, नाही का?"

आईने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहिलं.

"चल आई, जिन्याकडे जाऊ," ताई म्हणाली.

आई उठली. हात टेकून उठली, ताईच्या ते लक्षात आलं. दोन पावलं चालली, कपाळाला हात लावला आणि "अगं बाई" म्हणत खाली जाऊ लागली.

भावाला आणि भावजयीला दिसलं ते इतकंच, की म्हातारी कोसळली. ताईला मात्र सगळं दिसलं. पाठ ताठ, टाचा जमिनीला चिकटलेल्या, गुडघे नेमके बोटांच्या दिशेने, आणि खाली जाण्याचा वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा. अगदी तळाशी पोचल्यावर आई अलगद कुशीवर झाली आणि तिने डोळे मिटले. इतकी देखणी बैठक कोचलासुद्धा जमली नसती.

"आई!" भाऊ ओरडला. "पाहिलंस ताई? पाहिलंस? मी सांगत होतो ना!"

"ती पडलेली नाही. बसली आहे."

"ताई! आई जमिनीवर पडलीय आणि तू हे काय बोलतेस?"

"माणूस पडतं तेव्हा इतकं सावकाश पडत नाही रे."

"कमाल आहे बाई तुमची," भावजय म्हणाली. तिचा चेहरा हळहळलेला होता, पण खांदे सैल झाले होते. "इतक्यात नकोच न्यायला. इथेच बऱ्या आहेत त्या. सवयीचं घर, लिफ्ट..."

"तेच म्हणतो मी," भाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी होती आणि काळजीच्या खाली भलताच आराम होता. "ताई, उचल तिला. तुला सवय आहे."

ताई पुढे झाली. आईच्या काखेत हात घालायचा, तिला छातीशी घ्यायचं आणि मांड्यांच्या जोरावर उठायचं. सवय होतीच. वाकता वाकता तिला आईच्या मिटलेल्या पापणीची हालचाल दिसली. पापणीच्या फटीतून आई अंदाज घेत होती.

"आई गं!" ताई म्हणाली आणि कंबरेवर हात ठेवून भिंतीला टेकली. आयुष्यात ती पहिल्यांदाच तब्येतीबद्दल खोटं बोलत होती, आणि ते इतकं सोपं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. "माझी कंबर धरली आहे. तूच उचल."

"मी?"

"तुझी आई नाही का?"

भाऊ पुढे आला. पाय जुळवून उभा राहिला, गुडघे ताठ ठेवून कंबरेतून वाकला आणि आईच्या दंडाला धरून एक हिसका देण्यासाठी त्याने श्वास कोंडला. याचं पुढे काय होणार, हे ताईला पाण्याच्या उत्कलनबिंदूइतकं स्पष्ट दिसत होतं. त्याला थांबवायला एक शब्द पुरला असता. तो शब्द तिच्या तोंडात आलाही होता. तिने तो गिळला.

भावाने हिसका दिला. मग त्याच्या घशातून कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज निघाला आणि तो वाकलेल्या अवस्थेतच थिजला.

"काय झालं? अहो, काय झालं?" भावजय किंचाळली.

"हलवू... नका... मला..."

"माझं लेकरू!" म्हणत आई उठली. हात टेकला नाही, कण्हली नाही, बसल्या जागेवरून सरळ उभी राहिली. "सूनबाई, तू हो बाजूला. ए ताई, बघत काय उभी राहिलीस? पलंग रिकामा कर!" आणि ताई पोचायच्या आत पलंगावरची जड गादी तिने एकटीने ओढून सरळ केली. मुलाला काखेत धरलं, छातीशी घेतलं आणि मांड्यांच्या जोरावर अलगद पलंगावर टेकवलं. कोचने शिकवलेलं तिने काहीही वाया जाऊ दिलं नव्हतं.

भावजय तोंड उघडं टाकून पाहत होती. "आई, तुम्ही तर..."

"माझं काय घेऊन बसलीस आता? नवऱ्याकडे बघ!"

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर वर येऊन गेले. कंबरेत जबरदस्त उसण भरली होती. पडून राहायचं, प्रवास नाही, आणि जिने तर मुळीच चढायचे नाहीत.

"मुळीच?" भावजयीने विचारलं.

"महिनाभर तरी विचारूच नका."

भावजयीने खोलीवरून नजर फिरवली. लिफ्ट असलेलं घर, गादी घातलेला पलंग, टुणटुणीत सासू. "म्हणजे राहू देत इथेच," ती म्हणाली. "आई आहेत सांभाळायला. मला तर रजाच नाही." तिने कंबर धरून उभ्या असलेल्या ताईला "तुम्हीही जपा हं" असं सांगितलं आणि ती लिफ्टने खाली गेली.

ताईने कंबरेवरचा हात काढला. आता तो तिथे असला काय आणि नसला काय, बघायला कुणीच नव्हतं. तिने साहेबांना फोन लावला. "मी तिकडे रुजू होते," ती म्हणाली.

"आणि आईंचं काय ठरलं?" साहेबांनी विचारलं.

"आई बरी आहे," ताई म्हणाली. "फारच बरी आहे."

निघायच्या दिवशी ती बॅगा घेऊन दाराशी उभी राहिली तेव्हा आई बाहेरच्या खोलीत मुलासाठी गरम पाण्याची पिशवी भरत होती.

"आई, एक विचारू? तू त्या दिवशी मुद्दाम बसलीस ना?"

आईने पिशवीचं झाकण आवळलं. "नीट बसले ना पण? श्वास सोडला होता मी."

"का पण?"

आई पिशवी पालथी करून पाणी गळत नाही ना ते पाहत राहिली.

"मी बरी झाले की तू जाणार होतीस," ती म्हणाली. "मग बरी होऊन काय करू मी?"

ताईने बॅग खाली ठेवली. एवढं साधं वाक्य ऐकायला तिला इतकी वर्षं लागली होती. दोन वेळा संधी सोडली तेव्हा हेच कुणी म्हटलं असतं, तर त्या सोडल्याचं इतकं वाईटही वाटलं नसतं. तिने आईच्या दिशेने एक पाऊल टाकलं.

"आई गंऽऽ!" आतून भाऊ कण्हला.

"आले रे राजा!" आई वळली आणि पिशवी पोटाशी धरून आत धावली. तिचा आवाज मात्र मागे आला.

"ताई, जाताना दार ओढून घे गं. वारा लागतो त्याला."