शेजारणीला चार ओळी

"पण बाळ कुठाय?" ती इतक्या जोरात म्हणाली की स्वयंपाकघरातून सासूबाई हातातल्या पळीसकट धावत आल्या. बाळ होते तिथेच होते, तिच्या मांडीवर, दूध पिता पिता अर्धे झोपलेले. त्याच्या डोक्याच्या जरा वर, उशीला टेकवून एक जाडजूड कादंबरी उघडी ठेवलेली होती. सासूबाईंनी आधी बाळाकडे पाहिले, मग कादंबरीकडे, मग सुनेकडे.

"मांडीवर आहे," त्या म्हणाल्या आणि परत गेल्या.

मांडीवरच्या बाळाबद्दल तिची काहीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती कादंबरीतल्या बाळाबद्दल. पहिल्या भागाच्या सातव्या प्रकरणात नायिकेने आपले तीन महिन्यांचे तान्हे मूल शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईकडे दिले होते. "दहा मिनिटांत आले," असे सांगून ती जी बाहेर पडली ती थेट चोरीला गेलेल्या हाराच्या मागावर. पुढे तिने दोन बंदरे पालथी घातली, जहाजावर स्वयंपाकीण म्हणून काम केले, आणि ती एकाच देखण्या तपास अधिकाऱ्याच्या दोनदा प्रेमात पडली. आता दुसरा भागही संपला. चारशे बारा पाने झाली, आणि बाळाचा साधा उल्लेख नाही. त्याला दूध कोण पाजतेय, त्याच्या पोटात दुखले तर ओवा कोण देतेय, याचे लेखकाला सोयरसुतक नाही.

ती पहिल्यापासून हावरी वाचक होती. लग्नाआधी मिळेल ते वाचायची आणि सगळ्यांना सगळे माफ करायची. बाळ झाल्यापासून मात्र तिच्या वाचनात एक फौजदार येऊन बसला होता. दिवसातून आठ वेळा वीस-वीस मिनिटे ती एका जागी खिळलेली असायची, आणि तेवढ्यात लोकांच्या तोंडी असलेल्या कादंबऱ्यांचा फडशा पाडायची. एका कादंबरीत नायकाने रडणारे मूल एकदाच खांद्यावर घेतले आणि ते झोपले, तेव्हा तिने पुस्तक मिटून पाच मिनिटे भिंतीकडे पाहिले. दुसरीत महिन्याची बाळंतीण रोज न्हाऊन केस वाळवत गच्चीत गाणी म्हणायची. खुनाच्या एका कादंबरीत तर अकरा प्रकरणे गोळीबार चालला होता आणि पाळण्यातले मूल जागे झाले नाही. तिच्या घरात चमचा पडला तरी तासाभराचे जागरण ठरलेले असायचे.

हा सगळा संताप बाहेर पडायला एक अधिकृत वाट होती. गावातल्या ग्रंथालयाचा एक नियम होता: पुस्तक परत करताना मताची चिठ्ठी द्यायची, त्याशिवाय दुसरे पुस्तक मिळणार नाही. लोक न वाचताच पुस्तके परत करतात म्हणून ग्रंथपालांनी तीस वर्षांपूर्वी ही पद्धत पाडली होती. "बरं आहे" एवढे लिहिलेले ते घेत नसत. चिठ्ठीवर नाव नसे, फक्त सभासद क्रमांक, आणि चांगल्या चिठ्ठ्या ते दारातल्या फळ्यावर टाचणीने लावत. तिचा क्रमांक होता ४१७.

पुस्तकांची ने-आण नवरा करी. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कादंबऱ्या त्याच्या अवजारांच्या पिशवीतून जायच्या आणि चिठ्ठ्यांवर थोडे वंगण लागायचे. कधी तिने त्याचे मत विचारले तर तो म्हणे, "मला वर आणि खाली एवढंच कळतं. तुझी चिठ्ठी वर लागलीय, एवढं सांगतो."

आणि खरेच, चार महिन्यांत फळ्यावर दुसऱ्या कुणाची चिठ्ठी दिसेनाशी झाली होती. हाराच्या दुसऱ्या भागावर तिने कागद पाठपोट भरला आणि शेवटी लिहिले: "जिला आपलं मूल कुठे ठेवलं ते आठवत नाही, तिला हार सापडला तरी ती तो ठेवणार कुठे? वाचकांनी या बाईच्या नादी लागू नये."

वाचक तातडीने नादी लागले. ४१७ ने इतके फैलावर घेतलेय म्हणजे पुस्तकात काहीतरी असणार, असा गावाचा एव्हाना अनुभव होता. उलट, एका तळ्याकाठच्या शांत कादंबरीची तिने मनापासून स्तुती केली होती, तर ती तीन महिने कपाटातून हलली नव्हती. नवरा तिसरा आणि शेवटचा भाग आणायला गेला तेव्हा एकुलत्या एका प्रतीसाठी तेवीस जणांनी नावे लावलेली होती. प्रत्येकाला एक आठवडा.

"चोविसावं नाव तुझं लावलंय," तो म्हणाला.

तिने मनातल्या मनात आठवडे मोजले. तिचा नंबर लागेपर्यंत बाळ चालायला लागणार होते. आणि तिची रजा संपत होती येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी. त्या सोमवारपासून ती पुन्हा चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासणार, बाळ सासूबाईंजवळ राहणार, आणि वीस-वीस मिनिटांचे हे राज्य बुडणार. हातात उरले होते बारा दिवस. त्या मुलाचे काय झाले हे कळल्याशिवाय आपल्याला उंबरठा ओलांडता येणार नाही, असे तिला वाटू लागले. असे का वाटते, ते तिने स्वतःला विचारले नाही. राग धरायला लेखक होता, तेवढे पुरे होते.

तेव्हा तिने एक चिठ्ठी लिहिली. बहिणीकडची प्रत वाचली, अशी प्रस्तावना करून पुढे लिहिले: "तिसरा भाग अत्यंत संयत आहे. निसर्गवर्णने विपुल आहेत. लेखकाने चिंतनाला भरपूर जागा दिली आहे. प्रत्येकाने सावकाश वाचावा." आजवर ती पुस्तकांना वाटेल ते बोलली असेल, पण खोटे एक अक्षर तिने लिहिले नव्हते.

चिठ्ठी अशी लागू पडली की बघत राहावे. चार दिवसांत नावे गळाली. कुणाकडे पाहुणे आले, कुणाच्या डोळ्यांना त्रास व्हायला लागला, एका बाईंनी तर ग्रंथपालांना सरळ सांगितले की चिंतन आमच्या घरीच खूप आहे. पाचव्या दिवशी तिने नवऱ्याला मोठ्या ऐटीत पाठवले. तो रिकाम्या पिशवीने परत आला.

"त्यांनी तुझंच नाव काढून टाकलंय."

"माझं? ते का?"

"तूच लिहिलंस ना वाचलंय म्हणून. एकदा वाचलेल्यानं दुसऱ्याची वाट अडवू नये, असा नियम आहे म्हणे. आणि आता कुणी मागतच नाही म्हणून त्यांनी पुस्तक बाजाराजवळच्या शाखेत पाठवून दिलं."

पुढचा अर्धा तास ती लेखकाला, ग्रंथपालांना, नियमांना आणि नवऱ्याला बोलत होती. नवऱ्याचा गुन्हा इतकाच होता की तो समोर होता. मग तिने बाळ सासूबाईंच्या कडेवर दिले, "दहा मिनिटांत आले" म्हणाली आणि पायांत चपला सरकवून निघाली. पाच महिन्यांत ती पहिल्यांदाच एकटी रस्त्यावर आली होती. दोन्ही हात मोकळे असले की त्यांचे काय करायचे असते, हेच तिला चौकापर्यंत आठवेना.

ग्रंथपालांनी तिचे कार्ड पाहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांच्या डोळ्यांसमोर ४१७ म्हणजे कुणी निवृत्त न्यायाधीश होते, पांढऱ्या मिशांचे. समोर उभ्या असलेल्या बाईच्या खांद्यावर बाळाने ओकलेल्या दुधाचा डाग होता.

तिने सगळे सांगून टाकले. तीस वर्षांत एकही खोटी चिठ्ठी या फळ्यावर लागली नाही, असे ते शेवटी म्हणाले. आवाज चढला असता तर तिने भांडण केले असते. पण तो उतरलेला होता. त्यांनी कोरी चिठ्ठी पुढे सरकवली.

"लिहा."

तिने लिहिले: "मी तिसरा भाग वाचलेला नाही. रांगेत पुढे जाण्यासाठी खोटे लिहिले. ही वागणूक त्या नायिकेच्या वरताण आहे. — ४१७."

ग्रंथपालांनी ती चिठ्ठी फळ्याच्या ऐन मध्यावर लावली. वर्तमानपत्र वाचत बसलेले तिघे उठून पाहायला आले. ४१७ ला जिच्यासाठी खोटे बोलावे लागले, ती कादंबरी कशी असेल, याचा त्यांनी क्षणभरच विचार केला आणि तिघांनीही नावे लावली. आपण काय करून बसलो हे तिच्या ध्यानात येईपर्यंत वहीत अकरा नावे झाली होती. ग्रंथपालांनी शाखेत फोन करून विचारले, तर प्रत कुणीतरी आदल्या दिवशीच नेली होती. ती मुकाट्याने बारावी झाली.

ती घरी येईपर्यंत दीड तास उलटून गेला होता. दार लोटलेले होते. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. डाव्या खांद्यावर बाळ गाढ झोपलेले, नाकावर चष्मा, आणि मांडीवर उघडा होता हाराचा तिसरा भाग.

"झाली वाटतं दहा मिनिटं," त्या मान वर न करता म्हणाल्या.

ती दारातच उभी राहिली. मग एकेक गोष्ट बाहेर आली. बाजाराजवळच्या शाखेच्या सासूबाई बावीस वर्षे सभासद होत्या. पहिले दोन भाग त्यांनी याच घरात, सुनेसाठी आलेल्या प्रतींतूनच वाचले होते. "तू दुपारी झोपायचीस ना, तेवढ्यात माझी दोन प्रकरणं व्हायची," त्या म्हणाल्या. "बोलले नाही, कारण तू आधीच तापलेली असायचीस."

"मग बाळ सापडलं का?" तिला दुसरे काही सुचेना.

"सापडलं." सासूबाईंनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा पाहून तिला कळले की या घरात आपल्याहून जास्त रागावलेले कुणीतरी आहे. "पान दोनशे आठ. ही बया परत येते. मूल चालायला लागलंय. ते शिवणवालीच्या पदराला धरून उभं आहे. ती त्याला उचलून हिच्या हातात देते आणि आत मशीनवर जाऊन बसते. संपलं. मोजल्यात मी, चार ओळी. आणि पुढे तो हार गळ्यात घालून आरशात बघते, त्याला तीन पानं."

"लेखकाला मेल्याला काही..."

"लेखकाचं राहू दे. तुझं सांग. पाच महिने बघतेय, बाळ कुठाय, बाळ कुठाय. बाळ कुठे होतं ते पहिल्या भागापासून माहीत होतं गं. त्या बाईकडे होतं. त्या बाईचं काय झालं, असं एकदा तरी विचारलंस?"

दोन भागांवरच्या तिच्या दोन चिठ्ठ्यांत त्या बाईचा उल्लेख एकदाच होता: "कुणा शेजारणीकडे टाकून."

"सोमवारी तू खुशाल जा," सासूबाई जरा खाली आलेल्या आवाजात म्हणाल्या. "मी कुठे नाही म्हणतेय? सांभाळीन मी. पण मला चार ओळींत गुंडाळायचं नाही. कागद घे."

तिने कागद घेतला. सासूबाई सांगत होत्या आणि ती लिहीत होती: मशीन चालू असले की ते पोर झोपायचे आणि थांबले की उठायचे, म्हणून ती बाई कपडा नसतानाही नुसतीच चाक फिरवत बसायची. त्याला पहिला दात आला तेव्हा ती धावत दाराशी गेली, आणि कुणाला सांगावे ते न सुचून परत आली. लोकांच्या झग्यांच्या उरलेल्या तुकड्यांची त्याची अंगडी. ताप आला ते तीन दिवस. तिने पाचवी ओळ संपवून मान वर केली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "थांबू नकोस." चूल उशिरा पेटली. नवरा आला, दोघींकडे बघून त्याने स्वतःच ताट वाढून घेतले, आणि सकाळी पाठपोट लिहिलेले सगळे कागद तिसऱ्या भागासकट पिशवीत घालून ग्रंथालयात नेऊन दिले.

ग्रंथपालांनी निरोप धाडला की हे मत नव्हे, हे प्रकरण आहे. फळ्यावर मावत नाही. पण परतही केले नाही. त्यांनी ते टंकलिखित करून घेतले, कडा सारख्या कापल्या आणि पान दोनशे आठच्या पुढे खळ लावून चिकटवले. गावातला तिसरा भाग आता इतर सगळ्या गावांतल्यापेक्षा नऊ पानांनी जाड आहे.

सोमवारी ती दुकानात गेली. गेली म्हणजे तीनदा दारातून परत येऊन गेली. पण गेली. आठवड्यामागून आठवडा सरत गेला, प्रत रांगेतून फिरत राहिली.

एका संध्याकाळी ती दुकानातून परतली तर सासूबाई बाळाला कडेवर घेऊन फाटकातच उभ्या. चेहरा लालबुंद. त्यांनी सुनेला पाणी विचारले नाही, बाळही दिले नाही. कमरेला खोचलेली चिठ्ठी काढून पुढे केली. फळ्यावरून उतरवून आणलेली होती, टाचणी अजून तशीच. तिने वाचली: "एकूण कादंबरी उत्तम, वेगवान. मात्र शेवटी ती शेजारीण विनाकारण नऊ पाने खाते. लेखकाने काटछाट करायला हवी होती. — ६०२."

तिने चिठ्ठी दोनदा वाचली. कानशिले तापली. आजवर कुठल्या लेखकाची अशी अवस्था आपण केली असेल, असा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

"कोण आहे हा?"

"तेच तर. ग्रंथपाल सांगत नाहीत, नियम आहे म्हणे," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या दुकानात कुणी माणूस आला आणि म्हणाला की मला सगळं स्वच्छ दिसतं, तर त्याला तसा सोडू नकोस. नीट तपास."