खुशालभाऊंचा खडू

सकाळी उठल्यावर घरामागच्या भिंतीवर पांढऱ्या खडूचा गोल दिसला, तर आमच्या चिमुरात चोर येऊन गेला असं कोणी समजत नसे. खुशालभाऊ येऊन गेले असं समजत. गोलाच्या आत खर्र्याची तपकिरी पिचकारी, खाली तारीख, आणि त्याखाली एक ओळ: "डावा गाल. माणूस उंच. घाईत."

ज्या भाग्यवंतांना खर्रा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटघोट घोटायचा आणि गालात धरून दिवस काढायचा. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे पाहुण्याला पाण्याच्या आधी खर्रा विचारतात. साखरपुड्यात चालतो, तेरवीत तर चालतोच चालतो.

खुशालभाऊ जन्मभर जंगलखात्यात गार्ड होते. वाघाच्या पावलावर काच धरायची आणि तिच्यावर ठशाची रेघ उतरवायची, हे त्यांचं काम. नुसत्या ठशावरून वाघ की वाघीण, पोट भरलेलं की उपाशी, हे सांगत. आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा ते रिटायर होऊन घरात एकटेच होते. बायको आधीच गेलेली. तिच्याबद्दल बोलत नसत, आम्ही विचारत नसू. गावात वाघ नाहीत म्हणून त्यांनी माणसं धरली. पिचकारी कुठल्या गालातून सुटली, किती उंचावरून, सायकलवरून की उभ्यानं, सगळं ते भिंतीवर वाचत आणि संध्याकाळी नेमके त्याच्याच दारात उभे राहत. दंड एका खर्र्याच्या किमतीएवढा.

"वाघाले तीन तीन दिवस शोधा लागे," ते म्हणत, "तुमी तं पानठेल्यावरच सापडून राह्यले. काई मजा नाई."

आता माझं सांगते. मी तेव्हा पन्नाशीची, शाळेत मराठी शिकवायची, आणि स्वच्छता समितीची प्रमुख होते. "थुंकू नका" ही पाटी शाळेत माझ्याच वळणदार अक्षरात लटकत होती. आणि पर्समध्ये, चष्म्याच्या डबीत, माझा खर्रा असे. पानठेल्यावर मी ठणकावून सांगायची, "मिस्टरांसाठी घोटा, चुना बेतानं." आमचे मिस्टर बडीशेपसुद्धा खात नसत. पण अख्खं चिमूर त्यांच्याकडे कीव येऊन बघायचं, आणि मी ते बघू देत होते. माझी नात हल्ली हे ऐकून म्हणते, "आजी, तू मुलांना नेमकं काय शिकवायचीस गं?" मी तिला म्हणते, व्याकरण.

एका दुपारी खुशालभाऊ शाळेच्या व्हरांड्यात आले. "बाई, पाण्याच्या टाकीमागची वाघीण तुमीच न जी?"

"पुराव्याशिवाय बोलू नका, खुशालभाऊ."

"उजव्या गालाचे शाळेत तीन जण हायेत. दोघं उभ्यानं थुंकते. हे साडी सावरून, वाकून, आजूबाजूले पाहून थुंकलेलं हाये. शिकलेल्या माणसाचं थुंकणं हाये, बाई."

मी मुकाट्यानं दंड भरला. ते निघाले तेव्हा खोचकपणे विचारलं, "हे पैसे कुठे जातात?"

"विलायतेले. कॅन्सरच्या संशोधनाले."

मी इतकी हसले की गालातला खर्रा गिळता गिळता वाचले. म्हटलं, "इथं काय कॅन्सर कमी आहे? आपल्याच दवाखान्याला द्या की."

"दवाखाना गावात घुसलेल्या वाघाले हाकलते. थेबी लागतेच. पण तो निंगाला कुठून, कोन्या नाल्यानं आला, हे कोणी पाहाचं?"

"पण विलायत काऊन?" रागात माझी पुस्तकी मराठी सुटते.

"वाघ नकाशा पाहून चालते काय? जिथी माग काढणारा असन, तिथी पैसा द्या लागते."

मग गोष्ट कळली. नोकरीच्या शेवटच्या वर्षी एक गोरी बाई जंगल बघायला आली होती. भाऊंनी काचेवर ठसा उतरवून दाखवला, तर ती दुभाष्याला म्हणाली, मीही हेच करते. माणसाच्या शरीरातला कणभर तुकडा काचेवर घ्यायचा आणि कॅन्सर कुठून निघाला त्याचा माग काढायचा. भाऊंनी तिच्या संस्थेचा पत्ता जंगलखात्याच्या वहीत उतरवून घेतला. जन्मात पहिल्यांदा त्यांना जोडीदार भेटला होता.

पैसे पाठवायला ते बँकेत गेले, तेव्हा साहेब खुर्चीतून उठलेच. "भाऊ, बाहेर देशातून पैसे येताना पाहिलेत. चिमुरातून जाताना पहिल्यांदाच बघतो आहे." चार फेऱ्या झाल्या, सात सह्या झाल्या, पण पैसे गेले. खुशालभाऊंनी एकदा माग धरला की ते सोडत नसत.

सोबत पत्र हवं होतं. मला इंग्रजी येतं असा गावाचा गैरसमज होता आणि तो दूर करण्याइतकी मी प्रामाणिक नव्हते. भाऊंनी पत्राबरोबर पाठवायला आणखी एक पुडकं दिलं. पारदर्शक कागदांवर, तपकिरी पेन्सिलीनं, गावातल्या निवडक पिचकाऱ्यांचे ठसे. "त्याइच्या कामी येईन. लिहा, हे थुंकीचे माग हायेत."

थुंकी! माझ्या हातून, विलायतेला? मला लाज वाटली. मी सभ्य शब्द शोधला आणि लिहिलं, "आमच्या भिंतींवरचे नमुने."

दोन महिन्यांनी उत्तर आलं. देणगीबद्दल मनापासून आभार. आणि तुमच्या भागात भिंतींवर काढतात ती फुलं फारच सुरेख आहेत. आम्ही ती चहाच्या खोलीत लावली आहेत, सगळ्यांना आवडतात.

भाऊ समोर बसले होते. मी घसा साफ केला. "माग फार उपयोगी पडले म्हणतात. भिंतीवर लावलेत."

ते ताठ झाले. "नकाशाच्या बाजूले लावले असन," म्हणाले. पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि गेले. मी चष्म्याच्या डबीतून खर्रा काढला. अपराधी वाटलं की मी खर्राच खायची. एरवीही खायचीच.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी एके सकाळी ते दारात आले. हातात खडू नव्हता.

"बाई, वाघीण लंगडून राह्यली."

"दंड घ्या अन् जा बरं, भाऊ. मला शाळा आहे."

"आज दंड नाई. तीन हप्ते झाले, तुमचे ठसे डाव्या गालाचे हायेत. उजव्याले काय झालं?"

उजव्या गालात आत चार महिन्यांपासून पांढरा चट्टा होता. हल्ली तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी यायचं. घरी मी पित्त झालं म्हणून सांगितलं होतं आणि साधं वरणभात खात होते. मिस्टरांना कळलं नव्हतं, मुलांना कळलं नव्हतं. भिंतीला कळलं होतं.

"काही नाही झालं," मी म्हटलं.

खुशालभाऊ पायरीवर बसले. "उद्या सकाळच्या गाडीनं नागपूरले दवाखान्यात. नाई तं मी पानठेल्यावर जाऊन सांगतो, तुमचे मिस्टर बडीशेपबी खात नाई म्हणून."

मरणाची भीती मी चार महिने दाबून ठेवली होती. अब्रूची एक रात्रही दाबता आली नाही. गेले.

डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. काचेवर. निकाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते विनोदानं सांगता येत नाही, म्हणून सोडून देते. कॅन्सर नव्हता, पण वाटेवर होता. चट्टा कापून काढला. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आलात. कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "जंगलखात्यानं."

दिवाळीच्या तोंडावर पेढे घेऊन मी भाऊंकडे गेले. ते एकटेच अंगणाची भिंत चुन्यानं रंगवत होते. भिंत बरीचशी पांढरीशुभ्र झालेली, दाराजवळ हातभर तुकडा मात्र तसाच मळका. त्यावर खडूचे दोन गोल, एकमेकांपासून वीतभर. आतले डाग इतके जुने की दिसत नव्हतेच. खडू मात्र ताजा होता. भाऊंच्या प्रत्येक गोलाखाली तारीख असते. या दोन्हींखाली नव्हती.

"हे कोणाचे, भाऊ?"

"घरचीचे." त्यांनी कुंचला बादलीत ठेवला. "इथी बसून तांदूळ निवडे. हा आधीचा, उजव्या गालाचा. मंग हा, डाव्याचा. मी रोज पाहो, बाई. वाघाचा पाय बोटभर वाकडा पडला तं मी सायबाले उठवो. अन् इथी मले वाटलं, ऊन आलं म्हणून पाट फिरवला असन." मग म्हणाले, "खर्रा मीच घोटून देत होतो. माझ्या हातचाच लागे तिले."

पेढ्यांचा डबा माझ्या हातातच राहिला.

त्यांनी आतून दोन कागद आणले. त्याच दोन गोलांचे ठसे, जुन्या, थरथरत्या रेघेत. "यंदाच्या पैशासोबत हे पाठवा."

मी पाटावर बसले, पेन काढलं. भाऊंनी पुन्हा कुंचला उचलला आणि भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले,

"बाई, ह्या वख्ती एवढं लिहा. हे फूल नाई."

माझ्या हातातलं पेन थांबलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बँकेतल्या सायबानं. तवाच वाचून दाखवलं."

"मग मला सांगितलं काऊन नाही?"

"तुमी किती खुशीनं सांगून राह्यल्या होत्या, बाई. अन् चहाच्या खोलीत का होईना, लावले तं होते."

घरी जाऊन मी आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीचा शब्दकोश उघडला आणि थुंकीचा शब्द शोधला. तो लिहिला. मग पहिल्या वर्षी मी काय लपवलं होतं तेही लिहिलं, आणि शेवटी माझा उजवा गालही लिहिला. पत्र घेऊन परत आले तेव्हा त्यांची भिंत संपत आली होती.

"लिहिलं?"

"लिहिलं."

"मंग सरका थोड्या," ते म्हणाले, आणि दोन गोलांच्या कडेनं, चुन्याचा एक थेंबही आत जाऊ न देता, कुंचला फिरवू लागले.