सासऱ्यांच्या गाडीला भारी पेट्रोल

सासऱ्यांनी मला त्यांच्या गाडीला कधी हात लावू दिला नव्हता. मागच्या सीटवर बसायचं, तेही चपला झटकून. पण डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या, इथे ठेवून उपयोग नाही," तेव्हा शेवटचा प्रवास तरी त्यांच्या लाडक्या गाडीतून होऊ दे, असं मला वाटलं. (बायको म्हणाली, "शब्द तरी नीट वापरा हो!")

वाटेत पंप लागला.

"साधं की भारी?" मोबाइलवर कुणाशी तरी भांडता भांडता पंपवाल्याने विचारलं.

सासऱ्यांसाठी मी आजवर कधी हात सैल सोडला नव्हता. ऊर भरून आला. "भारी! टाकी फुल्ल!"

मागे बायकोच्या मांडीवर डोकं टेकलेले सासरे एकदम हलले. पक्षाघाताने त्यांची जीभ जड झाली होती.

"डी... डी..."

"काय हवंय बाबा? पाणी?"

त्यांनी जोरजोरात मान हलवली. बोट माझ्याकडे. "डी... डी!"

"मला आशीर्वाद देताहेत," मी गहिवरून म्हणालो.

"गप्प बसा हो! दीदीला बोलावताहेत!" आणि बायकोला रडू फुटलं.

दीदी म्हणजे तिची थोरली बहीण. वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून तिचं नाव घरात कुणी काढत नसे. बायकोने रडत रडत फोन लावला, "बाबा तुझं नाव घेताहेत गं." पलीकडून एवढंच, "निघाले."

गाडी थोडी धावली, खोकली, थरथरली आणि भर रस्त्यात बसली. मी उतरलो. बॉनेट उघडलं (आत काय बघायचं असतं, ते मला ठाऊक नाही), बंद केलं. मागे जाऊन टाकीचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिलं होतं: फक्त डिझेल.

डी... डी...

तेवढ्यात वडिलांची गाडी ओळखून एक गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून दीदी धावत आली. मी झाकण हळूच लावून टाकलं.

"बाबा, मला हाक मारलीत?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. बराच वेळ पाहत राहिले. त्यांचा एक चालता हात तिच्या गालावर गेला आणि दोघंही रडू लागली. मीही रडलो. (माझं कारण जरा वेगळं होतं.)

दीदीच्याच गाडीतून त्यांना घरी नेलं. फार दिवस काढले नाहीत त्यांनी. शेवटच्या सकाळी दीदी त्यांचा हात धरून बसली होती, बायको उशाशी, मी पायाशी. अचानक त्यांनी डोळे उघडले. ओठ हलले. आम्ही सगळे वाकलो. त्यांनी नजर थेट माझ्यावर रोखली आणि आजारपणात पहिल्यांदाच अगदी स्पष्ट बोलले.

"गाढव."

आणि गेले.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बायको डोळे पुसत सांगते, "शुद्ध अगदी शाबूत होती हो बाबांची. शेवटपर्यंत माणसं बरोबर ओळखत होते."